काचेची खरखरीत बाजू

नाल्याच्या कोरड्या पात्रात उतरताना भिकुबाईने पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, आणि पलीकडच्या काठाला लागायच्या आत पुन्हा डाव्या हातात.

"द्या ना अक्का, थोडा वेळ मी धरते," मागून सुनंदाबाई म्हणाल्या.

"नको बाई. काचा शेत यामा."

"मोटारीतून उतरल्यापासून तेच सांगताय. मी काय पिशवी खेळायला मागतेय?"

"मन्हा हातनी फुटनी तर लोक म्हणतीन, भिकीना हातच खोटा. तुम्हना हातनी फुटनी तर म्हणतीन, शाळामा पोरी शिकाडस अन् पिशवी धरता येत नही. मन्हं काय, माले सवय शे."

बोलता बोलता ती हसली, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही.

चैत्राचं ऊन तापलं होतं. समोर सातपुडा धुरकट दिसत होता. शिरपूरची मोटार फाट्यापर्यंतच येई. पुढे खैरपाड्यापर्यंत पायीच जावं लागे. दोघी बऱ्याच चालून आल्या होत्या, पण पुढची वाटही काही थोडी नव्हती. सुनंदाबाई शिरपूरला मुलींच्या शाळेत शिकवत आणि भिकुबाईच्या फोटोच्या दुकानाला लागून असलेल्या खोल्यांत भाड्याने राहत. कधीमधी बायकांच्या मासिकात त्यांचं काही छापून येई, तेवढ्यावरून आळीतली माणसं त्यांना 'लिहिणाऱ्या बाई' म्हणत. भिकुबाई इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांच्या दाराशी विरजण मागायलाही आली नव्हती. आज रविवारी सकाळी आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मन्हासंगे येतीस का? एकली जावानी छाती व्हत नही." कुठे, कशाला, हे सुनंदाबाईंनी विचारलं नाही. भिंत पातळ होती. आदल्या दिवशी शेजारी जे बोलणं झालं, ते त्यांनी न ऐकायचं म्हटलं तरी कानावर आलंच होतं.

पिशवीत जुन्या लुगड्याच्या घडीत दोन काचा होत्या. एक नवी, स्वच्छ, देवीच्या तसबिरीसाठी आणलेली. दुसरी घासून दुधासारखी झालेली, एका कोपऱ्यात कुंकवाचं बोट उमटलेली. आणि दोहींच्या मध्ये, पुठ्ठ्यात, एक फोटो.

भिकुबाई सोनगीरकडच्या एका शेतकऱ्याची लेक. न्हाणही आलं नव्हतं तेव्हा लग्न झालं. नवरा गिरधर धुळ्याला एका फोटोवाल्याच्या हाताखाली शिकलेला. त्याने शिरपूरला पत्र्याचं दुकान घातलं. एक रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि बदकं, दोन खुर्च्या, आणि जुना विकत घेतलेला लाकडी कॅमेरा, चामड्याच्या भात्याचा, तिपाईवर उभा राहणारा. भिकुबाईच्या वाट्याला आधी झाडलोट आली आणि मग फोकसची काच.

त्या कॅमेऱ्याला पाठीमागे एक काच असते, एका बाजूने घासून खरखरीत केलेली. डोक्यावर काळं फडकं घेऊन तिच्यात पाहिलं की समोरचं माणूस त्या काचेवर दिसतं. दिसतं उलटं, डोकं खाली, पाय वर. बाजूचा खिट्टा फिरवत जायचा. धूसर असलेलं माणूस हळूहळू लख्ख होतं. लख्ख झालं की काच मागे सारायची आणि त्याच जागी फोटोची प्लेट सरकवायची. काचेवर जे दिसलं ते प्लेटवर उतरतं.

"फडक्यानी पुसू नको," गिरधरने तिला पहिल्याच दिवशी बजावलं. "रिठाना पानीमा धू, सावलीमा वाळाड. खरखरीत बाजूले बोट लावू नको, बोटनं तेल बसस. अन् बसाडताना खरखरीत बाजू आत, भिंगकडे. ध्यानमा ऱ्हाई का?"

"ऱ्हाई," ती म्हणाली. तिच्या ध्यानात राहिलंही. पण काच धुऊन तिने दिली की बसवायचा गिरधरच. बसवून झाली की नखाने एकदा बाहेरून खरवडून पाही. नख घसरलं की 'हं' म्हणे. काच धुणं तिचं आणि 'हं' त्याचं, असा तो संसार होता.

त्यांना एक मुलगी झाली होती. रांगायलाही लागली नव्हती, तेवढ्यात गेली. दुकानात कॅमेरा उभा होता, प्लेटा होत्या. गिरधर म्हणाला, "नको भिकू. रोज देखशी अन् रोज रडशी." तिनेही ऐकलं. आता त्या पोरीला आठवायला बसलं की भिकुबाईच्या डोळ्यांपुढे झबलं येई, झबल्याची नाडी येई, पायातला काळा दोरा येई. तोंड येत नसे. जिला नऊ महिने पोटात वागवलं तिचं तोंड आईला आठवू नये, याला काय म्हणावं? हे ती कोणाजवळ बोलली नव्हती. आज त्या उन्हात, पळसाच्या गळून वाळलेल्या फुलांवरून चालताना सुनंदाबाईंना बोलली.

स्वातंत्र्याच्या साली दुकानापुढे फोटोसाठी गर्दी उडाली होती. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत गिरधरचे डोळे गेले. आधी आले, मग दोन्हींत फुलं पडली. धुळ्याच्या डॉक्टरने हात टेकले. दुकानाला कुलूप लागायचं, त्याऐवजी भिकुबाईने काळं फडकं आपल्या डोक्यावर घेतलं. गिरधर खुर्चीत बसून सांगे, ती करी. बाईमाणूस काळ्या फडक्यात शिरतं म्हणून आळीने थट्टा केली. कोणी म्हणालं, "गिरधरनी बायकोनी बुरखा लेयल शे." पण बाया येऊ लागल्या. परक्या पुरुषासमोर न बसणाऱ्या घरांतल्या लेकी-सुना तिच्यापुढे मोकळ्या बसू लागल्या.

आणि मग एका घरी लहान मूल गेलं, तेव्हा त्या आईने भिकुबाईला बोलावलं. दुसऱ्या घराने ते ऐकलं, त्यांनीही बोलावलं. आई मयत मांडीवर घेऊन बसली असेल त्या खोलीत पुरुष फोटोवाला कसा न्यायचा? भिकुबाई जाई. लेकराचे केस नीट करी, डोकं कशावर तरी टेकवी, सावकाश काम करी. तिला एक गोष्ट या कामात कळली होती. अशा फोटोत मयत नेहमी लख्ख येतं, कारण ते हलत नाही. त्याच्याजवळ बसलेलं जिवंत माणूस हुंदका देतं, मान हलवतं, आणि पुसट येतं.

होता होता लोक तिला मयतवाली म्हणू लागले. हळदीला तिला कोणी बोलावीना. बारशाच्या घरावरून ती गेली तर बाया पाळण्यावर पदर धरत. ती कोणाला दोष देत नसे. "त्या माय शेत, त्या भ्यातीनच," म्हणे.

"थोडं टेकू या का अक्का?" सुनंदाबाईंनी विचारलं. वाटेवर मोहाचं एक झाड होतं.

"येताना टेकूत. आते बसनू तर उठाव नही."

पिशवीतला तो फोटो काढून आठवडाही झाला नव्हता. सकाळी उन्हं वर आली होती तेव्हा खैरपाड्याचे रुपचंद आबा बैलगाडी घेऊन दुकानापुढे उभे राहिले. म्हातारा माणूस, धोतराला धूळ, डोळे कोरडे. त्यांचा नातू वना पहाटे गेला होता. ताप डोक्यात चढला, दोन दिवसांत सगळं आटोपलं. लीलाधर आणि ताईबाईचं एकुलतं एक पोर, चार वर्षांचं. सारंगखेड्याच्या जत्रेत फोटोवाल्याच्या तंबूत रंगवलेली मोटार होती, तिच्यात बसून फोटो काढायचा म्हणून पोराने लोळण घेतली होती. बाप म्हणाला होता, पुढच्या साली. आता ताईबाई म्हणत होती, पोराचं तोंड कागदावर उतरवून घेतल्याशिवाय मी त्याला मातीत ठेवू देणार नाही.

आबांनी येताना बैल दामटले होते, जाताना त्याहून दामटले. नाल्याच्या उतरणीला चाक खोबणीत गेलं, गाडी कलंडली आणि कॅमेऱ्याची पेटी खाली आली. भिकुबाईने तिथेच उघडून पाहिली. भाता धड होता, भिंग धड होतं. दोन प्लेटांपैकी एक तडकली होती. आणि फोकसच्या काचेचा चुरा झाला होता.

"आते?" आबांनी विचारलं.

परत शिरपूरला जाऊन तरी काय? तशी काच धुळ्याखेरीज मिळायची नाही, आणि चैत्राच्या उन्हात घरात मयत. भिकुबाई म्हणाली, "आबा, चाला. घरमा काच व्हई ना?"

घरात काच होती ती एकच. देव्हाऱ्यात सप्तशृंगीची तसबीर होती, तिची. ताईबाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली, तसबिरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काढा. तिन्ही मन्हा पोऱ्या ली लिधा, तिनी काच माले दी तरी." लीलाधरने तिला गप्प केलं. आबांनी देवीपुढे हात जोडले, तसबीर उतरवली, मागचे खिळे काढले आणि काच भिकुबाईच्या हाती दिली.

काच लांबीला जास्त होती. भिकुबाईने गारगोटीच्या टोकाने रेघ ओढली, उंबऱ्याच्या कडेवर ठेवून दाबली. देवाची दया, सरळ तुटली. मग विळ्याला धार लावायच्या दगडाची भुकटी केली, ती पदरातून गाळली, पाण्याचे थेंब टाकले आणि दुसऱ्या तुकड्याने गोल गोल घासायला बसली. बाहेरची बाजू वर घेतली होती. तेवढ्यात ताईबाई ओरडली, "थांब, थांब! ती बाजू नको!"

कोपऱ्यात कुंकवाचं लहानसं बोट उमटलं होतं. ताईबाई रोज देवीला कुंकू लावी तेव्हा वना कडेवरून बोट बुडवून काचेला लावायचा. परवापर्यंत लावलं होतं.

भिकुबाईने काच पालथी केली आणि आतली बाजू घासली, जी देवीच्या तोंडाला लागून होती ती. खांदे भरून आले, ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, तेव्हा कुठे काच दुधी झाली. माणसं दारात ताटकळत होती. खड्डा खणून झाला होता.

आता बसवायची. खरखरीत बाजू आत, भिंगाकडे. भिंगासमोर मयत होतं.

तिथे तिचा हात थांबला. कोणी काही म्हटलं नव्हतं. पण ज्या बाजूने वर्षानुवर्षं देवीचं तोंड होतं, ती बाजू आता मयताकडे करायची? सप्तशृंगी तिचंही कुलदैवत. दर चैत्रात तिच्या घरून गडावर नारळ जाई. तिला गिरधरचा नियम आठवत होता, 'हं'ही आठवत होतं. पण तिने मनाशी म्हटलं, काचेची जाडी ती केवढी, भाकरीच्या पापुद्र्याएवढी. तेवढ्याने काय बिघडतंय? तिने काच फिरवली. देवीची बाजू आपल्याकडे घेतली, कुंकवाची बाजू आत गेली.

ताईबाईने पोराला सोडायला नकार दिला. मग ती भिंतीला टेकून बसली, वना तिच्या पुढ्यात, पाठ तिच्या छातीला टेकलेली. त्याच्या गालाला तिने तीट लावली होती. मेलेल्या पोराला दृष्ट ती कोणाची लागणार? पण लावली होती.

"हालजो नको माय," भिकुबाई काळ्या फडक्यात शिरता शिरता म्हणाली. "अंधारं व्हवाले ऊनं, भिंग जरा येळ उघडं ठेवनं पडी. जो हालस तो पुसट येस. श्वास बी धीरे ले. मी सबद देस, तुन्हा वनानं तोंड तुले भेटी."

घासलेल्या काचेवर वना उलटा दिसला. तिने खिट्टा फिरवला. तीट लख्ख झाली. खालच्या ओठाला पडलेली भेग लख्ख झाली. पापण्या तर वेगवेगळ्या मोजाव्यात अशा. तिने ते नीट पाहिलं, मग काच सारून प्लेट घातली. एकच प्लेट होती.

ताईबाई दगडासारखी बसली. तिचा पदरसुद्धा हलला नाही.

दिवेलागणीच्या आत वनाला नाल्याकाठी माती दिली.

शिरपूरला प्लेट धुतली, उन्हात कागदावर उतरवली, आणि भिकुबाईने फोटो उजेडाकडे धरला. ताईबाई लख्ख आली होती. तिचे कोरडे डोळे, कपाळावरची शीर, गळ्यातल्या पोतीचा मणी न् मणी. तिच्या पुढ्यात वना होता तो धुरासारखा. तोंड होतं, पण त्यात नाक-डोळे धड नव्हते. तीट कुठे गेली होती कोण जाणे.

"कसं उनं?" खुर्चीतून गिरधरने विचारलं.

तिने फोटो पालथा करून ठेवला.

"भिकू, ती काच आन." तिने कॅमेराच त्याच्या मांडीशी नेला. त्याने काचेवरून बाहेरून नख ओढलं. नख खरखरलं. गिरधरचा हात तिथेच राहिला.

"कोनी लावी?"

"मीच."

"तुले माहीत व्हतं ना?"

"व्हतं."

"मंग?"

तिने सांगितलं. देवीची बाजू, मयत, सगळं. गिरधरने काचेची कड चिमटीत धरून तिची जाडी चाचपली. मग म्हणाला, "काच जेवढी जाड, तेवढी प्लेट पुढे बसनी. पोऱ्या पुसट गया, मांगनी माय लख्ख उनी." आणि थोड्या वेळाने, "देवीना मान राखा. पोऱ्यानं तोंड गयं."

संध्याकाळी तो म्हणाला, "प्लेट फुटी गयी असं सांग. फुटतीस प्लेटा. कोनी काय म्हणाव नही."

"मी त्या मायले सबद देयल शे."

"सबद देयल शे म्हणीसनच सांगी ऱ्हायनू, जाऊ नको."

पण ती निघाली. तिचं म्हणणं असं, की फुटली म्हणून सांगितलं तर ते खोटं. आणि देवीच्या काचेवर केलेल्या कामात आणखी एक खोटं कशाला? चूक पदरात घ्यावी, पाय धरावेत, नवी काच बसवून द्यावी. ताईबाई शिव्या देईल, तोंडावर थुंकेल. त्याहून जास्त काय करेल?

खैरपाड्याला पोचल्या तेव्हा घरात पुरुष होते. सुतक चालू होतं. ओसरीवर लीलाधर आणि रुपचंद आबा बसले होते. आबांनी सुनंदाबाईंना नमस्कार केला, पाणी दिलं. आत ताईबाई बसली होती, देव्हाऱ्यात तसबीर बिनकाचेची उभी होती. कुंकू आता थेट देवीच्या कागदी कपाळावर लागलं होतं आणि कागद तिथे ओला होऊन फुगला होता. सुतकात देवाला कोणी शिवलं, हे कोणी विचारलं नसावं.

भिकुबाईने फोटो पुढे केला. आधी बोलायचं तिने वाटभर ठरवलं होतं, पण ताईबाईने हातातून पुठ्ठा ओढूनच घेतला.

"हाई मी शे," ताईबाई म्हणाली. मग तिचं बोट खाली सरकलं. "वना कोठे शे?"

"हाऊ काय तो," लीलाधर वाकून म्हणाला.

"ताईबाई, आयक..." भिकुबाईने सुरुवात केली.

"तू काय सांगं व्हतं माले?" ताईबाईने फोटोवरून नजर न काढता विचारलं. आवाज अगदी शांत होता. "हालजो नको. जो हालस तो पुसट येस. सांगं व्हतं ना?"

"सांगं व्हतं, पन..."

"मी नही हालनी. देख, मन्ही पोत देख. मी नही हालनी." तिने फोटो नवऱ्यापुढे धरला. "मंग हाऊ हालना. मन्हा वना हालना. अन् तुम्ही त्याले माती दी उनात."

ओसरीवर आबा उठून उभे राहिले. शिव्या, थुंकणं, सगळं भिकुबाईने गृहीत धरलं होतं. हे तिच्या सात जन्मांत मनात आलं नसतं.

"येडी व्हयनी का तू?" लीलाधर ओरडला. "मी सोता नाडी देखी त्यानी!"

"तुले नाडी समजस? तुले बैलनं शेपूट समजस!"

"ताईबाई, तो हालना नही!" भिकुबाईने तिचे पाय धरले. "देवीनी आन. चूक मन्ही शे. काच मी उलटी बसाडी. देवीनी बाजू मयतकडे कशी करू म्हणीसन फिरावी. म्हणीसन तो पुसट उना. हाई देख, हाई काच देख, हात लाव." तिने पिशवीतल्या लुगड्याच्या घडीतून दुधी काच काढून पुढे केली.

ताईबाईने काच घेतली. खरखरीत बाजूवरून हात फिरवला, मग उलटून कुंकवाच्या बोटावर आपलं बोट ठेवलं.

"देवीनी काच शे ना हाई?" ती म्हणाली. "देवीनी काच खोटं दाखाडी का? तुम्ही बठ्ठा खोटं बोलतस. तिन्ही माले खरं दाखाडं."

सुनंदाबाई पुढे झाल्या. त्यांनी ताईबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या शाळेच्या भाषेत, जितकं सोपं करता येईल तितकं सोपं करून सांगितलं. प्लेट कुठे बसते, काच कुठे बसते.

ताईबाईने सगळं ऐकून घेतलं. "बाई, तुम्ही तठे व्हत्यात का त्या दिन?"

"नव्हते."

"मंग?"

ती उठली. काच आणि फोटो छातीशी धरून अंगणातून चालू लागली. कोणाला वाटलं ती गोठ्याकडे चालली आहे. ती नाल्याकाठी गेली. तिथे मातीवर दगड रचले होते, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या होत्या. लीलाधर धावत पोचला तेव्हा फांद्या बाजूला झाल्या होत्या आणि ती दगडांना हात घालत होती. तिचे हात काट्यांनी फाटले होते. त्याने तिला उचलून आणली. ती ओरडत नव्हती, हेच फार वाईट होतं. "आयकू येस," एवढंच पुटपुटत होती.

आबांनी दोघींना गावाबाहेर आणून सोडलं. नवी काच भिकुबाईने देव्हाऱ्यापाशी ठेवली होती, ती कोणी हातात घेतली नव्हती.

"आबा, तुम्ही तरी..." भिकुबाई म्हणाली.

म्हाताऱ्याने नजर वर केली नाही. "मी त्याले हातमा लिसन गयतू," तो म्हणाला. "थंडगार व्हता. मी म्हणस थंडगार व्हता." मग जरा थांबून, "व्हता ना?" असं विचारून तो परत फिरला.

येताना दोघी मोहाखाली टेकल्या. सुनंदाबाईंनी मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं. दुसरं काही सुचेना. भिकुबाई रिकामी पिशवी मांडीवर घेऊन तिच्या घड्या घालत होती, मोडत होती. जातानाचं ओझं उतरलं होतं आणि तिला आता हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"मन्हा धनी बरोबर बोलना," ती म्हणाली. "फुटी गयी म्हणती तर ती मन्हावर चिडती अन् रडती. रडीसन मोकळी व्हती."

"तुम्ही खरं तेच सांगितलंत अक्का."

"सांगं. पन फोटो आधी पोचना."

एक गुराखी गुरं हाकत गेला. भिकुबाईने पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच सुनंदाबाईंकडे सरळ पाहिलं.

"बाई, तुम्ही लिखतस ना? छापी येस ना तुम्हनं?"

"येतं कधीमधी."

"मंग हाई लिखा. आते त्या घरमा माले कोनी पाय ठेवू देवाव नही. अन् ती गोट गावेगाव फिरी, पोऱ्या जित्ता व्हता म्हणीसन. तो म्हातारा बी आते इचारी ऱ्हायना, व्हता ना म्हणीसन. मी आज शे. उद्या मी नही ऱ्हावाव, तठे कोन सांगी? त्या काचमा त्यानं तोंड मी एकलीनी देखं. उलटं व्हतं, पन देखं. गालले तीट व्हती. खालना ओठले भेग व्हती. पापनी एक बी हालनी नही. मन्ही पोरनं तोंड मी इसरनू. हाई इसरावाना पहिले तुम्ही लिखी ठेवा. मन्हं नाव टाकीसन लिखा, लाज धरू नका. लिखा, भिकुबाईनी काच उलटी बसाडी. वना हालना नव्हता. एवढं लिखा बाई."